राजाचा पातळ झगा

"त्या राजाचा झगा मले कुठंतरी पाह्यल्यासारखा वाटून राह्यला," पहिल्या रांगेतून आत्या म्हणाली, आणि पडद्यामागे माझ्या हातातला राजा बोलता बोलता थांबला.

राजाची मान म्हणजे माझं पहिलं बोट. ते आखडलं. समोर दादाच्या हळदीला जमलेली पोरं राजा शिकारीला कधी निघतो याची वाट पाहत होती. राजा हलेना.

मी बाहुल्यांकडे वळले ते काही कलेच्या ओढीने नाही. बाहुली नाचवणारा माणूस पडद्यामागे बसतो, एवढंच कारण. हिंगणघाटच्या आमच्या इंग्रजी शाळेत 'मले' म्हटलं की बाकावर उभं करत, आणि घरी 'मला' म्हटलं की चुलत भावंडं हसत. म्हणून तेवीस वर्षं मी शक्यतो काहीच म्हटलं नव्हतं. मग वर्ध्याला हातात घालून नाचवायच्या बाहुल्यांचं आठ दिवसांचं शिबिर निघालं आणि मी घरी कोणाला कळायच्या आत नाव नोंदवून आले.

तिथे कागदाच्या लगद्यात मेथीची पूड कालवून डोकी करायला शिकवलं. (मेथीने कीड लागत नाही, असं शिबिरातल्या बाईंनी सांगितलं. शेळीबद्दल त्या काही बोलल्या नव्हत्या. अंगणात वाळत घातलेला माझा पहिला राजा शेजारच्या शेळीने कानापासून खायला घेतला.) दुसऱ्या राजाचं नाक वाळताना खाली ओघळलं आणि तो हुबेहूब बाबांसारखा दिसायला लागला. बाबा दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.

उरले होते कपडे. बाईंनी बजावलं होतं, कापड मऊ हवं, जाड कापडात बोटं चालत नाहीत. दादाच्या लग्नाला चार दिवस होते आणि वडनेरहून आलेल्या आत्याने घर ताब्यात घेतलं होतं. ती आहेराच्या घड्या घालत होती. मी तिच्या मागे बराच वेळ उभी राहिले आणि शेवटी बाहुलीसाठी कापड आहे का, असं पुटपुटले. आत्याने मान वर केली नाही.

"पेटीत जुनं पातळ हाय. थे घेजो."

जाड गुणिले पातळ! (विरुद्धार्थी शब्दांत माझा एकही मार्क कधी गेला नव्हता.) मी आईच्या उशाखालची चावी घेऊन पेटी उघडली आणि आतलं एकेक कापड बोटांत चोळून पाहिलं. वरच एक हिरवं लुगडं होतं. जुनं होतं, पण जाड. ते मी नीट घडी घालून परत ठेवलं. अगदी तळाशी एक पांढरं कापड सापडलं, इतकं झिरझिरीत की पलीकडची खिडकी दिसत होती. त्यावर एका बाजूला कुंकवाचं स्वस्तिकही होतं, म्हणजे राजाच्या छातीवर आयती नक्षी. मी ते मधोमध कापलं. अर्ध्याचा राजाचा झगा, अर्ध्याचा राणीचा, मान घालायला दोन भोकं. राजाच्या गळ्यातून निघालेला गोल तुकडा मी डिंकाने त्याच्याच डोक्यावर चिकटवला, फेटा म्हणून. वाया काही घालवायचं नाही, असंही बाईंनी शिकवलं होतं.

आणि आता पहिल्या रांगेत आत्याचा आवाज चढत होता. "अवो, हा तं आपला अंतरपाट!"

तो शब्द आत्याच्या तोंडून कितीदा ऐकला होता, पण कशाचा ते मला तेव्हा कळलं. लग्नात नवरा-नवरीच्या मधे धरतात त्याला मी आजवर 'तो पडदा' म्हणत आले होते. हा अंतरपाट आजीच्या हातचा. घरातली सगळी लग्नं त्याच्याच आड लागली होती, त्याच्यामागे उभा राहिलेला एकही जोडा मोडला नाही, असं आत्या कोणालाही थांबवून सांगायची. उद्या सकाळी दादा त्याच्यामागे उभा राहायचा होता.

"वहिनी, पेटीची चावी तुमच्याजवळ होती नं?" आत्याने आईला विचारलं. आई म्हणाली, मी तर पेटीला हात लावला नाही. पण तिचा आवाज हात लावल्यासारखा निघाला. तिचा नेहमीच तसा निघतो. माझाही तिच्यावरच गेला आहे.

मी गप्प बसू शकत होते. त्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. पण राजा बोलला. जाड, दरबारी आवाजात बोलला, "आत्याबाई, आईला बोलू नका. तुम्हीच म्हणालात, जुनं पातळ घे. आम्ही सगळी कापडं चोळून पाहिली. सगळ्यात पातळ हेच होतं."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, गोष्टीतलंच आहे.

"पातळ म्हंजे साडी, बावळट!" आत्या राजाला म्हणाली. "त्या हिरव्या लुगड्याचं सांगतलं होतं मी तुले!"

भर हळदीत राजा-राणी उघडे झाले. आत्याने मशीनवर बसून अंतरपाट मधोमध जोडला. राणीच्या गळ्याचा तुकडा होता, तो बसवला. राजाचा तुकडा मात्र डोक्यावरून निघेना. तो ओढला तर कवटी यायला लागली. दुसरं कापड लावायला आत्या तयार नव्हती. आजीच्या कापडाला बाजारचं ठिगळ? राहू दे, म्हणाली, एवढ्याशा भोकाकडे कोण पाहते.

सगळ्यांनी पाहिलं. मांडवात अंतरपाट उघडला आणि एका बाजूने दादाचा, दुसऱ्या बाजूने नवरीचा डोळा थेट त्या भोकाला लागला. नवरी फिसकन हसली. गुरुजी मंगलाष्टकाच्या तोंडाशीच थांबले. "हे भोक कायचं?" कारंज्याहून आलेल्या नवरीकडच्या बायका फाटका अंतरपाट, अपशकुन, असं कुजबुजू लागल्या. आत्या भोकावर पदर धरायला धावली. गुरुजी आईकडे वळले.

अख्खा मांडव, समोर पडदा नाही, हातात राजाही नाही. मी पुढे झाले आणि इतक्या मोठ्याने बोलले की बँडवाल्यांनीही मान वळवली.

"थे मी कापलं, गुरुजी. राजाची मान निघाले पाह्यजे नं!"