आनंदरावांची जपानी बाग आणि कुंडलिक माळी

आनंदराव जपानला अकरा दिवस राहून आले आणि भोरकरांना कळलं, की आजवर आपण पाण्याकडे नुसती तहान लागली म्हणूनच बघत होतो. हे १९६८ सालचं. संस्थानच्या काळातल्या त्यांच्या हवेलीमागे तळं खणलं गेलं, त्यावर कुठेच न जाणारा लाकडी पूल आला आणि माळी म्हणून आला वेल्ह्याकडच्या पासलीचा कुंडलिक. जपानशी त्याचं नातं एवढंच, की दोघांनाही भाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही.

कुंडलिक गुणी माणूस. जन्मभर विहिरीच्या पायऱ्यांवरचं शेवाळ खरवडलेल्या या गड्याला इथे काठावर शेवाळ वाढवायचा पगार होता.

"लोक हसत्यात," तो गंभीरपणे सांगायचा, "पर म्या दोन्ही वक्ताला त्येला पाणी मारतो. लेकरावानी वाढलंय."

एके दिवशी आनंदरावांनी फर्मावलं, "काठावर सात ओबडधोबड दगड मांड. जपानी पद्धत!" आणि ते आठवडाभर मुंबईला गेले.

पाण्याकाठी सात दगड म्हणजे कोण, हे वेल्ह्याकडच्या माणसाला शिकवावं लागत नाही. कुंडलिकनं आंघोळ केली, चपला काढल्या आणि साती आसरा, पाण्यातल्या सातही देवी, ओळीनं बसवल्या. वर शेंदूर. शुक्रवारपर्यंत आळीतल्या बायकांनी हळदकुंकू, खण, हिरव्या बांगड्या वाहिल्या आणि जपानी कमळांत नारळ तरंगू लागले.

आनंदराव परतले ते भडकलेच. रविवारी मुंबईचे बागतज्ज्ञ येणार होते.

"आत्ताच्या आत्ता हे दगड विस्कट! नाहीतर पासलीची वाट धर."

घरी पाच तोंडं खाणारी. तरी कुंडलिक म्हणाला,

"नोकरी घ्या मालक. बसवल्यात आता, हात न्हाई लावायचा."

"अरे, दगड आहेत ते!"

"व्हय की. मग तुमीच हलवा."

आनंदराव बुटांसकट तावातावानं निघाले. पाय पडला तो नेमका कुंडलिकच्या लेकरावर, म्हणजे शेवाळावर. मालक कंबरभर पाण्यात, चष्मा कमळांत.

"आसरांनी ओढलं!" त्यांच्या पत्नी सगुणाबाई ओरडत आल्या. "कालच ओटी भरली मी त्यांची, आणि तुम्ही बूट घालून?"

आनंदरावांनी कुंडलिककडे हात केला. कुंडलिकनं चपला काढल्या, पण हात दिला नाही.

"आदी बूट काढा, मालक."

बूट आधी बाहेर आले, मालक मागून. कुंडलिकच्या नोकरीचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. रविवारी तज्ज्ञांना अनवाणी फिरवताना आनंदराव सांगत होते, "जपानी पद्धतच आहे ही."