जाहिरातींना हाकललं तो दिवस

बहिणीच्या मेडिकल प्रवेशाचा पसंतीक्रम भरायचा शेवटचा दिवस होता. संध्याकाळी पाचला साइट बंद. मी नांदेडला कॉम्प्युटर शिकत होतो, म्हणजे घरातला एकमेव तज्ज्ञ. सकाळच्या एसटीनं लातुरात उतरलो तोच मुळी रुबाबात.

तिच्या ट्यूशनसाठी घेतलेल्या भाड्याच्या खोलीतला कॉम्प्युटर उघडला आणि मला हसूच फुटलं. ब्राउझरच्या डोक्यावर टूलबारच्या सात पट्ट्या, खाली साइट दिसायला जेमतेम चार बोटं जागा. लॉटरी, गोरं करणारं मलम, टकलावर केस, सगळं एकदम नाचत होतं. हे काम अण्णांचं. आमचे वडील निलंग्याकडे शाळामास्तर, आजच्यासाठी तेही इथं आलेले. भूकंपात कुठकुठल्या अनोळखी माणसांनी आमच्या गावाला जेवू घातलं, तेव्हापासून दारात आलेल्याला ते नाही म्हणत नसत. आणि स्क्रीनवर आलेल्यालाही.

“येवढ्या अदबीनं इचारायलेत, न्हाई कसं म्हणावं?” शेजारी बसलेले अण्णा म्हणाले.

“अण्णा, लुटारू हायेत हे!”

मग मी जो सुटलो! पट्ट्या उपटल्या, ब्राउझर नवा केला, जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन टाकलं, पॉपअप नावाची आपोआप उघडणाऱ्या खिडक्यांची जात बंद करून टाकली. बहिणीचा पासवर्ड म्हणजे तिची जन्मतारीख, तोही बदलायला लावला. पान कसं लख्ख झालं. अण्णा शेजारच्या खोल्यांमधल्या पालकांना बोलावून ते कोरं पान दाखवत होते आणि मी उगाच गंभीर चेहरा करून बसलो होतो.

साडेचारला बहिणीनं सगळ्या पसंती भरून ‘कन्फर्म’ दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. ढिम्म. पावणेपाच झाले. तिचे डोळे डबडबले आणि तज्ज्ञाला घाम फुटला.

“आरं, समद्यांनाच हाकललंस,” अण्णा म्हणाले, “त्यात आपला बी माणूस गेला का काय?”

खरंच की! कन्फर्म करायची खिडकी पॉपअप म्हणूनच उघडत होती, आणि मी तिलाच दाराबाहेर ठेवलं होतं. तेवढ्या एका साइटला परवानगी दिली. टुणकन खिडकी उघडली! मी खुर्चीवरून उठून नाचलो, बहीण रडता रडता हसली, शेजारचे पालक टाळ्या पिटायला लागले.

खिडकीत पसंतींची यादी होती. खाली लिहिलं होतं की ‘हो’ दाबल्यानंतर बदल होणार नाही. अण्णांनी चष्मा लावला. पहिलं कॉलेज लातूरचंच असणार, हे त्यांनी धरून ठेवलेलं. ते होतं नांदेडचं.

“येवढं लांब गं?”

“दादा हाय की तिथं.”

पाच मिनिटांपूर्वी जिची सीट मी घालवतच आणली होती, ती हे म्हणत होती. मला लाज वाटली आणि आनंदही इतका झाला की कुणाकडे बघवेना.

“मग दाब,” अण्णा म्हणाले.