राजूला जेवू घालणारी आक्का

त्या दिवशी सकाळी सोलापूरहून आक्काच्या शेजारणीचा फोन आला, “पमाआक्का गेल्या हो...” माझ्या थोरल्या बहिणीच्या छातीत कळ आली आणि संपलं. माळशिरसहून एसटीत बसले, तर रडू नंतर आलं. आधी धडकी भरली ती राजूची. आता त्याला जेवू कोण घालणार?

राजू आमचा धाकटा भाऊ. डाऊन सिंड्रोम असलेला, चाळिशी ओलांडलेला, नवी पेठेतल्या दुकानदारांना नावानं हाका मारणारा. आईनंतर आक्कानंच त्याला सांभाळलं. ती बालवाडीत शिकवायची. आवाज असा की गल्ली गप्प व्हावी, पण राजूपुढं मेण!

मधे तो वाळत चालला. जेवताना ठसका, डोळ्यांत पाणी, अर्धं ताट तसंच. पँट कमरेवर ठरेना. ‘लाडावलाय, नखरे करतोय,’ असं सगळेच म्हणायचे. आक्का आपली कडक भाकरी पातळ आमटीत कुस्करून द्यायची. सोलापूरच्या घरात याहून मऊ काय असतं? शेवटी न्यूमोनिया होऊन दवाखान्यात पडला, तेव्हा गिळण्याचे उपचार करणाऱ्या मॅडमनी त्याला जेवताना पाहिलं. म्हणाल्या, “आमटी पुढं पळते, तुकडा मागं राहतो. पातळ ते श्वासनळीत जातंय. वयाबरोबर त्याचं गिळणं मंदावलंय, नखरे नाहीत हे.”

आक्का घरी आली ती पदर खोचूनच. भाकरी, घट्ट आमटी, तूप, सगळं मिक्सरमधून एकजीव. राजूला ताठ बसवायचं, छोटा चमचा, टीव्ही बंद. एक मावशी हळहळली, “अगं, तान्ह्या बाळाचं खाणं देतीस व्हय त्याला?” आक्का फाडकन म्हणाली, “मिक्सरची लाज कसली? तुमी गप बसा, त्यो जेवतोय!” काही महिन्यांत गाल भरले, पँट कमरेला बसली आणि स्वारी परत नवी पेठेत... केवढा आनंद झाला होता मला!

आक्का गेली आणि त्यानं तोंडच मिटलं. मी सगळं तिच्यासारखंच करत होते, तरी चमचा दिसला की मान फिरवायचा. “खा की रे राजा...” माझा जीव टांगणीला. दोन-चार चमच्यांवर दिवस निघायचा.

परवा त्यानं एक घास घेतला, तशी मी घाईनं दुसरा पुढं केला. त्यानं माझा हात धरला. चमचा खाली ठेवायला लावला, माझी दोन बोटं स्वतःच्या गळ्यावर टेकवली आणि म्हणाला, “आक्का... असं.” बोटांखाली काहीतरी वर सरकलं, खाली आलं. घास उतरला होता. मग त्यानं आपणहून तोंड उघडलं.