गणूच्या जहाजाचं पोलाद

विद्याचा फोन आला तेव्हा मी म्हैसूरला, मेटगळ्ळीच्या आमच्या फाउंड्रीत, ओतकामाच्या साच्यांच्या शेडमध्ये होतो. भट्टीच्या आवाजात काही कळेना म्हणून बाहेर आलो. "काका, आत्या गेली," एवढं ती मराठीत म्हणाली आणि पुढचं सगळं कन्नडमध्ये. तिचं मराठी आत्याशी बोलण्यापुरतंच. सकाळची कॉफी पिऊन चंद्राक्का भिंतीला टेकून बसल्या त्या तशाच राहिल्या... मी "येतो" म्हणालो, पण फोन बंद झाल्यावरही तिथंच उभा राहिलो. त्याला आता महिना उलटून गेला. अक्कांविषयी लिहायचं तर त्यांच्या थोरल्या भावाविषयी लिहावं लागतं, ज्याला मी कधीच पाहिलं नाही.

नोकरीसाठी साताऱ्याहून म्हैसूरला आलो तेव्हा लष्कर मोहल्ल्यात अक्कांच्या माडीवरची खोली मला मिळाली. सामान चढवत होतो, तेवढ्यात खालून आवाज आला, "काय रे पुण्याच्या, ऊट झालं का?" जेवण झालं का, असं त्या विचारत होत्या. मी साताऱ्याचा, असं सांगितल्यावर म्हणाल्या, "पुणं काय, सातारा काय, तिकडचाच की. बा, आत ये." अक्कांचे पूर्वज कधीकाळी महाराष्ट्रातून म्हैसूरच्या फौजेत घोडेस्वार म्हणून आले आणि इथलेच झाले. अक्कांनी लग्न केलं नाही, ब्लाउज शिवून घर चालवलं, धाकट्या भावाच्या मुलीला, विद्याला, वाढवलं. गल्लीत पत्र्याची कामं करणारी दुकानं होती. सकाळपासून नुसती ठोकाठोक. मी वैतागायचो. विद्या नव्या वस्तीत घर घेऊ म्हणून मागं लागायची, तर अक्का म्हणायच्या, "बेडा. नको. मला इथंच बरं." त्यांना तो आवाज हवासा होता की त्यापासून सुटका नव्हती, हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

एकदा आम्ही तिघं तलकाडला गेलो. वाळूत बुडालेली देवळं पाहून झाल्यावर विद्या नदीत पाय बुडवायला गेली. अक्का मात्र कावेरीकडे पाठ करून वाळूत बसल्या. मी कारण विचारलं नाही. त्याच बोलायला लागल्या. थोरला भाऊ गणू नौदलात खलाशी होता. लढाई नव्हती, काही नव्हतं. वादळातून परत येताना त्याचं जहाज बंदराच्या तोंडाशी उलटलं आणि तळ वर करून तरंगत राहिलं. गणू सापडलाच नाही. वर्षभरानं त्याच्या जहाजावरचा एक सोबती घरी आला. तो बाहेर फेकला गेला म्हणून वाचला होता. आईनं कॉफी दिली. त्यानं खाली मान घालून सांगितलं, की आतली माणसं पत्र्यावर ठोकत होती. आम्ही बोटीतून वल्ह्यानं उलट ठोकायचो, की ते पुन्हा ठोकायचे...

"मग आईनं विचारलं त्याला," अक्का वाळूवर हात फिरवत म्हणाल्या, "आधी कोण थांबलं? आतले, का तुम्ही?"

"काय म्हणाला?"

"काही नाही रे. उठला आणि गेला. कॉफी तशीच."

आई त्या प्रश्नासकटच गेली आणि मग तो अक्कांकडे आला. बोलता बोलता त्या मध्येच थांबायच्या, शिवणयंत्राचं चाक हातानं धरायच्या, मान किंचित तिरकी करायच्या. गल्लीतली ठोकाठोक चालूच असायची. काही क्षणांनी चाक पुन्हा फिरायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. पुढे सवय झाली, असं म्हणवत नाही.

ते जहाज वाट अडवत होतं म्हणून पुढे वर काढलं होतं आणि त्याच्या पत्र्यांची एक कमान बंदराजवळ स्मारक म्हणून उभी केली होती. अक्का तिथं कधी गेल्या नाहीत. पण ती आहे, एवढं त्यांना पुरत असावं. मग खाऱ्या वाऱ्यानं कमान खाल्ली, उभी ठेवणं धोक्याचं झालं, आणि ती उतरवून तिचं पोलाद नव्या युद्धनौकेत घालायचं ठरलं. नौकेच्या नाळेचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, खालचा तुकडा ओतायचं काम आमच्या फाउंड्रीकडे आलं. अक्कांना हे मीच सांगितलं. त्या ताडकन उठल्या. "आधी बुडवलं, आता वितळवणार? आणि परत पाण्यात घालणार त्याला?" मी म्हणालो, "अक्का, ते लोखंड आहे." त्या म्हणाल्या, "मला शिकवू नकोस. आमच्याकडे त्याचं दुसरं काय आहे?" आठवडाभर आमचं बोलणं बंद होतं. मग एका सकाळी जिना चढून त्या माझ्या दारात आल्या. गुडघे दुखायचे, त्या कधी वर येत नसत. "आला का तो पत्रा?" त्यांनी विचारलं. "मला एकदा भेटव."

साहेबांची परवानगी काढून मी त्यांना आणि विद्याला फाउंड्रीत नेलं. कापलेले पत्रे आवारात पडले होते, गंजानं तांबूस झालेले. अक्का एकेका पत्र्याला हात लावत फिरल्या. एका जाड तुकड्यापाशी खाली बसल्या. शेजारी पडलेली लोखंडी सळी उचलली आणि पत्र्यावर ठोकलं. थांबल्या. पुन्हा ठोकलं. मग गाल टेकवून कान लावला. भट्टीवरची माणसं काम सोडून बघत होती, कोणी हसलं नाही. किती वेळ त्या ठोकत होत्या कोण जाणे. शेवटी विद्यानं खांद्यावर हात ठेवला, "आत्या, साकु." पुरे. अक्का म्हणाल्या, "थांब गं. आपण नाही थांबायचं."

शेवटी सळी त्यांनी आपण होऊन खाली ठेवली.

दुपारी ते पत्रे इतर मालाबरोबर भट्टीत गेले. रस साच्यात ओतला तेव्हा अक्का दूर, सावलीत खुर्चीवर होत्या. त्या उजेडानं त्यांनी डोळे मिटून घेतले. नंतर सगळं शांत झालं, आणि साच्यातल्या वाळूच्या आत निवणाऱ्या पोलादातून बारीक आवाज यायला लागले. टक्... आणि मग बऱ्याच वेळानं, टक्. ओतीव काम आकसताना असे आवाज येतात, मी शेकडो वेळा ऐकलेत. तेच सांगायला मी त्यांच्याजवळ गेलो. "ते थंड होताना, अक्का..."

"माहीत आहे रे मला," त्या म्हणाल्या. "सुम्ने. गप्प बस. ऐकू दे."

ते आवाज विरळ होत गेले. सूर्य कलला, पाळी बदलली, तरी आवाज पुरते थांबले असं म्हणता येईना. उठताना अक्का एवढंच म्हणाल्या, "आता तो थांबला तरी चालेल."

त्यांची सुटका झाली, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. चाक हातानं धरून मान तिरकी करणं शेवटपर्यंत राहिलं. फरक इतकाच, की आता तोंडावर पूर्वीची भीती नसायची. पाहुण्याची चाहूल घ्यावी तशा ऐकायच्या. नौका पाण्यात उतरली तेव्हा नातेवाइकांना बोलावणं होतं, पण अक्कांना प्रवास झेपणार नव्हता. विद्याच्या मोबाईलवर त्यांनी ते पाहिलं. नाळ पाण्याला लागली तशी त्यांनी विद्याचं मनगट घट्ट धरलं. नौका डोलली, सावरली. "तरंगतंय," त्या म्हणाल्या. "बघ, सरळ तरंगतंय." त्या दिवशी त्यांनी विद्याला बजावून ठेवलं, की माझ्या अस्थी कावेरीत नको, समुद्रात सोडा.

मंगळूरच्या किनाऱ्यावरून एका कोळ्यानं आम्हाला होडीतून आत नेलं. लाटा नव्हत्या. कलश रिकामा झाला, राख पाण्यावर क्षणभर पसरली. विद्याला मंत्र येत नव्हते, मलाही नाही. तिनं होडीच्या कडेवरून वाकून पाण्यात हात घातला आणि शाळेला निघालेल्या पोराला सांगावं तसं म्हणाली, "जाऊन ये, आत्या." मराठीत म्हणाली. होडीवाल्यानं वल्हं पाण्याबाहेर काढून मांडीवर आडवं धरलं होतं, आणि आम्ही सांगेपर्यंत त्यानं ते खाली घातलं नाही.