मांडी घालणारं अस्वल

कोळवणला आमच्या शेजारच्या काकी शिवताना दातांत दोरा धरूनच बोलायच्या, तेही तोडून. माझ्या मुलीच्या बाहुलीचं लग्न ठरलं, तेव्हा वरपक्षाचा पाहुणा म्हणून काकी जुन्या घोंगडीचं अस्वल शिवायला बसल्या.

मी म्हटलं, "काकी, हातपाय सरळ शिवून टाका. सांधे केले की निखळतात."

"मग पंगतीत हुबं ऱ्हाणार व्हय?"

"पाय पसरून बसेल की."

"माज्या हातचं हाय. पाय पसरून जेवायचं न्हाई."

त्यांनी खांद्यांना, कमरेला आणि गुडघ्यांनाही बटणं लावून सांधे केले.

लग्नात बाकीच्या बाहुल्या ताठच्या ताठ भिंतीला टेकवाव्या लागल्या. अस्वल मात्र पंगतीत मधोमध, ऐटीत मांडी घालून बसलं.

काकींनी दातांतला दोरा काढला.

"त्याला आदी वाढा," त्या म्हणाल्या.