नाक्यावर अडलेली कुल्फी

जुन्नरच्या वेशीवर, नारायणगावच्या रस्त्याला, जकात नाका होता. रस्त्यावर आडवा बांबू, बांबूच्या बुडाला बांधलेला दगड, शेजारी पत्र्याची खोली, खोलीत काटा आणि काट्यामागे मी. पन्नास सालानंतरची काही वर्षं मी तिथे कारकून होतो. बांबूच्या बाहेर गूळ हा नुसता गूळ असे आणि मिरची नुसती मिरची. बांबूच्या आत यायचं म्हटलं की त्यांना आधी दरपत्रकातल्या एका ओळीत जाऊन बसावं लागे. कुणी कुठे बसायचं, हे ठरवण्यासाठी मला पगार होता.

दरपत्रक एका विद्वान माणसाने केलं असावं, कारण त्याने आयुष्यात कधी बाजार केला नव्हता असं त्यावरून स्पष्ट दिसत होतं. 'कच्चे अन्न' वेगळं, 'तयार खाद्यपदार्थ' वेगळे. भिजवलेले हरभरे कच्चे, पण मीठ लावलं की तयार. पिंपळवंडीहून एक म्हातारी लेकीकडे सांडगे घेऊन आली, तेव्हा उन्हाने वाळवणं म्हणजे शिजवणं होतं का, यावर मी तिच्याशी बराच वेळ चर्चा केली. शेवटी ती म्हणाली, "बाबा, तूच खा आन् सांग." आणि गाठोडं तिथेच ठेवून निघाली. मी तिच्यामागे पळत जाऊन ते परत दिलं. तिला त्रास दिला याचं मला दुःख झालं, आणि जकात न घेता सोडली याचंही झालं. माझा स्वभावच तसा आहे. एका कृत्याबद्दल मी सहसा दोन्ही बाजूंनी अपराधी असतो.

कुल्फी येण्याच्या थोडं आधी खव्याचं प्रकरण झालं होतं. आळ्याहून आलेला खवा मी दूध म्हणून सोडला. दूध माफ होतं आणि खवा दुधाचाच असतो, एवढा साधा विचार मी केला. नगरपालिकेच्या कचेरीतून ताबडतोब समज आली: 'वस्तू कशापासून झाली हे पाहू नये. नाक्यावर ती कोणत्या अवस्थेत आली ते पाहावे.' हे वाक्य मी काट्याच्या वर भिंतीला चिकटवलं. लोक तिथे देवाची तसबीर लावतात.

वैशाखातला दिवस होता. उन्हं चांगली वर आली होती. वारूळवाडीचा कुल्फीवाला टांग्यातून उतरला. टांग्यात ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं मोठं मटकं होतं आणि त्याच्या बुडातून खारट पाण्याचे थेंब गळत होते. हा माणूस नारायणगावात कुल्फी विकायचा. पुण्याहून मोटारीने भुशात घातलेला बर्फ मागवायचा. आमच्या गावात त्याचा माल यायची ही पहिलीच वेळ.

"कुल्फी हाय राव," तो म्हणाला. "बांगडीवाल्या चाचांकडं लगीन हाय, तिथली."

"कुल्फी दरपत्रकात नाही."

"मंग माफ आसंल."

"नाही म्हणजे माफ नव्हे. ती कशात मोडते ते ठरवावं लागेल."

"ठरवा की. पर बिगी बिगी ठरवा. तिला तुमच्यावानी बसून ऱ्हाता येत न्हाई."

मी मटक्याचं तोंड उघडायला लावलं. आत बर्फ, बर्फात मीठ आणि त्यात उभे खोचलेले पत्र्याचे साचे. साच्यांची तोंडं कणकेने लिंपलेली. मी दरपत्रक उघडलं आणि ओळींवरून बोट फिरवायला लागलो. दूध माफ. मिठाईवर शेराला दर. बर्फावर वेगळा दर. मिठावर वेगळा. कणीक हे दळलेलं धान्य, त्याचं वेगळं पान. पत्रा भांड्यांत. मडकं कुंभारकामात. एवढ्याशा मटक्यात त्या माणसाने अर्धं दरपत्रक भरून आणलं होतं.

एवढ्यात बांगडीवाले चाचा गावातून आले. अत्तराचा वास, नवी टोपी, आणि चेहऱ्यावर मुलीच्या बापाचा घाम. आमची जुनी ओळख होती. त्यांच्या बांगड्या काचसामान की शृंगारसाहित्य, हा वाद आमच्यात वर्षभर चालून माझ्या बाजूने निकाली निघाला होता, आणि तरीही ते मला सलाम करत असत. मला ते फार लागे.

"भाऊसाहेब, जो सगळ्यात चढा दर आसंल त्यो लावा आन् सोडा," ते म्हणाले.

मला ते करता येत नव्हतं. कमी घेणं हा गुन्हा होता, तसा जास्त घेणं हाही होता. मी त्यांना तसं समजावून सांगितलं. आज वाटतं, समजावलं नसतं तर निदान उद्धटपणावर भागलं असतं.

चाचा खाली दगडावर टेकले. "पोरीनं झुमकं मागितलं न्हाई, भाऊसाहेब. साडी आनली ती मुकाट्यानं घेतली. ल्हान आस्ताना जत्रंत एकदा कुल्फी खाल्ली व्हती तिनं. परवा म्हनली, अब्बा, लग्नात कुल्फी द्या. म्या हो म्हनलो. मंचरच्या व्याह्यांना बी सांगून बसलो. आता दुधाचं पानी घिऊन जाऊ का घरला?"

मी म्हणालो, "चाचा, मी वरून निर्णय मागवतो."

आमच्या शिपायाला मी एक साचा दिला. हा शिपाई आंबेगावच्या पश्चिमेकडचा, डोंगरातला. भात आणि नाचणी सोडून जगात काही खाण्यासारखं असेल यावर त्याचा विश्वास नव्हता. 'नमुना तपासून वर्ग कळवावा' अशी चिठ्ठी घेऊन तो सायकलवर कचेरीत गेला. साहेब कामात होते. साहेब नेहमी कामात असत, कारण कुठला कागद कुठे आहे हे शोधणं हेच कचेरीतलं मुख्य काम होतं. नमुना टेबलावर वाट पाहत राहिला.

इकडे कुल्फीवाला मटक्यावर ओली गोणी बदलत होता आणि मला ऐकू जाईल इतपत टांगेवाल्याशी बोलत होता.

"पुन्याचा बर्फ हितवर न्हाई वितळला. हितं दोन बुकं शिकल्याली मानसं भेटली आन् बघ."

शिपाई घामाघूम होऊन परत आला. चिठ्ठीवर साहेबांचा शेरा होता: 'नमुना पाहिला व चाखला. पातळ गोड दूध. दूध माफ आहे, सबब सोडण्यास हरकत नाही.'

चाचा उठून उभे राहिले. कुल्फीवाल्याने मटक्याला हात घातला. आणि माझी नजर भिंतीवर गेली. 'नाक्यावर ती कोणत्या अवस्थेत आली ते पाहावे.'

"थांबा," मी म्हणालो. "हा निर्णय पातळ मालाबद्दल आहे. मटक्यातला माल घट्ट आहे."

टांग्याच्या घोड्याने मान हलवली.

"म्हंजी," कुल्फीवाल्याने शांतपणे विचारलं, "पातळ झाली की माफ?"

"निर्णयाप्रमाणे, हो."

"आन् पातळ झाल्याव हिचं काय करायचं चाचांनी? पोरीला आंगुळ घालायची?"

मी दरपत्रक पुन्हा चाळलं; आंघोळीला त्यात ओळ नव्हती. माझं बरोबर होतं, एवढं मात्र मला ठाऊक होतं. आपलं बरोबर असताना इतकं वाईट वाटतं, हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

त्याच वेळी मंचरचं वऱ्हाड आलं. एका लॉरीत खच्चून भरलेली माणसं, धुळीने पांढरी झालेली. नवरा मुलगा सेहऱ्याच्या फुलांआड झाकलेला. चाचा पुढे धावले, गळाभेटी झाल्या, पण त्यांचं लक्ष मटक्याकडे होतं. सगळ्यांत आधी लॉरीतून उतरली ती नवऱ्याची आत्या. धिप्पाड बाई, तोंडात पान, आणि आवाज असा की आमचा बांबू आपोआप वर जावा.

"चाचा, पावन्यांना वेशीव हुबं करून तुमी गोनपाटाकडं काय बगताय?"

चाचांनी खाली मान घालून सगळं सांगितलं. आत्याबाईंनी ऐकून घेतलं आणि मग माझ्याकडे वळल्या.

"तुमची हद्द कुठवर, भाऊ?"

"त्या बांबूपर्यंत."

"आन् त्याच्या भायेर कुनाचं राज?"

"बाहेर जकात नाही."

"बया! मंग रडताय कशाला?" त्या लॉरीकडे वळून ओरडल्या, "उतरा रं समदी! पावन्यांना वेशीव गोड द्यायची रीत हाय का न्हाई? हिंदूंत हाय, आपल्यात सरबत हाय. व्याही हितं कुल्फी देत्यात. त्या बांबूला कुनी आंग लावू नगा, न्हाईतर ह्यो भाऊ तुमाला काट्याव घालंल."

आणि जुन्नरच्या वेशीवर, हद्दीच्या हातभर बाहेर, चिंचेच्या सावलीत ते वऱ्हाड कुल्फी खायला बसलं. कुल्फीवाला साचे तळहातांत चोळून चोळून काढत होता, चाचा स्वतः वाढत होते, म्हातारे बोळक्या तोंडाने चोखत होते. सेहरा वर करून नवऱ्यानेही खाल्ली. कुल्फी बाहेर खाल्ली आणि माणसं आत गेली तर मालाची आयात झाली का, असा विचार माझ्या मनात आलाच. पोटातून आणलेल्या मालाबद्दल दरपत्रक गप्प होतं. मी पहिल्यांदाच त्याचा आभारी झालो.

आत्याबाईंनी बांबूवरून माझ्यापुढे एक कुल्फी धरली.

"घ्या भाऊ. हात भायेर काढून खा, मंजे पाप लागनार न्हाई."

मी नको म्हणालो. कामावर असताना खाणं लाच ठरेल, असं मी त्यांना सांगितलं. ती कुल्फी टांगेवाल्याने खाल्ली आणि माझ्याकडे बघत सावकाश खाल्ली.

मटक्यात एकच साचा उरला, तेव्हा चाचांनी त्यावर हात ठेवला. "ही ऱ्हाऊ द्या. ही पोरीची."

सगळे थांबले. वऱ्हाडाचं काम बाहेर भागलं होतं, पण नवरी आत होती. नवरी काही कुल्फी खायला वेशीवर येणार नव्हती. प्रवाशाला स्वतःपुरती शिदोरी माफ असते, पण ती ज्याची त्याने खायची, दुसऱ्यासाठी नेली की माल झाला. चाचांना हे ठाऊक होतं, कारण मीच त्यांना कधीतरी सांगितलं होतं. ते काही मागायला तयार नव्हते. त्यांनी फक्त साचा माझ्यापुढे काट्यावर ठेवला आणि म्हणाले, "तुमी सांगाल तसं."

मी खूप विचार केला. म्हणजे तेव्हा मला खूप वाटला. साच्यावरची कणीक सुटायला लागली होती.

मग मी शिपायाला हाक मारली आणि नवी चिठ्ठी लिहिली: 'पहिला नमुना वाटेत वितळल्याने मालाच्या मूळ अवस्थेचा बोध झाला नसावा. सबब दुसरा नमुना पाठवीत आहे.' नमुन्याला जकात नसते. यात एकही शब्द खोटा नव्हता, हे मी त्यानंतर स्वतःला अनेकदा सांगितलं आहे. साचा उरलेल्या बर्फासकट बादलीत घातला आणि बादली शिपायाच्या हाती दिली.

"ऊन फार आहे," मी शिपायाला म्हणालो. "वाटेत सावलीला थांब. चाचांच्या घरात चांगली सावली आहे."

शिपाई डोंगरातला असला तरी त्याला दोनदा सांगावं लागलं नाही. चाचांनाही नाही. वऱ्हाड लॉरीत चढेपर्यंत ते सायकलीमागे बसून निघूनही गेले होते. नव्या टोपीतला नवरीचा बाप, मांडीवर बादली. मी बांबू स्वतः वर केला.

दुपार कलल्यावर शिपाई साहेबांचा शेरा घेऊन आला. मी वाचला, पुन्हा वाचला. 'दुसरा नमुना तपासला. साच्यात खारका व खडीसाखर आढळली. सबब माल सुका मेवा समजून पूर्ण दराने आकारणी करावी.'

"हे काय रे?"

"आता मी काय करू?" शिपाई म्हणाला. "नमुना साह्यबाला द्याचा म्हनून साचा परत मागाय गेलो. घरातल्या बाया म्हनल्या, लग्नाच्या घरातनं भांडं रिकामं कसं द्याचं? धुतला आन् भरून दिला. मी तसाच नेला. साह्यबानं खाल्लं बी."

तेव्हा कचेरीच्या दृष्टीने कुल्फी सकाळी दूध होती आणि दुपारी सुका मेवा. दोन्ही चिठ्ठ्या मी क्रमाने लावून ठेवल्या. पुढच्या कारकुनाने त्यांचं काय केलं मला माहीत नाही. एका साच्यापुरती सुक्या मेव्याची पावती मी माझ्याच नावावर फाडली आणि पैसे गल्ल्यात टाकले. त्याने अपराध फिटतो असं मला वाटलं होतं.

"आणि नवरीने खाल्ली का?" मी विचारलं.

"ती पडद्याआड व्हती. मला न्हाई दिसली," शिपाई सायकल भिंतीला लावत म्हणाला. "चाचा आत घिऊन गेलं. मग आतनं वरडली, अब्बा, दात शिवशिवलं! आन् समद्या बाया लई हसल्या."

दात शिवशिवले, म्हणजे हद्दीतून जाताना माल घट्ट होता. त्याच्या अवस्थेबद्दल दिवसभरात मिळालेली खात्रीची माहिती तेवढीच. ती मी कचेरीला कळवली नाही.