बसून राहिलेले नंदी

धानाच्या व्यापारात मी फार मोठा कधी झालो नाही आणि त्याचं कारण सगळ्या गोंदियाला ठाऊक होतं. खेड्यात धान पाहायला गेलो की माझी नजर कोठीतल्या धानावर कमी आणि घराच्या चौकटीवर जास्त. चौकटीवर मोर कोरलेला दिसला की भाव करायचं विसरायचो. समोरचा शेतकरी मग निवांतपणे हलकं धान माझ्या गळ्यात मारी.

हे दिवस इंग्रजांच्या अमलातले. गावोगावी जुनी घरं मोडून नवी बांधणं चाललं होतं आणि जुनं कोरीव लाकूड सरळ चुलीत जाई. ते मी उचलून आणायचो. तुळईखालचे पोपट, चौकटीवरचे नाग, एक हत्ती, स्वार हरवलेला एक घोडा. दगडाला मात्र हात लावत नसे. जवळच्या नागरा गावच्या महादेवापाशी जुने कोरीव दगड पडलेले असत, पण देवाच्या आवारातलं काही आणलंस तर घरात पाय ठेवू नकोस, अशी आईची ताकीद होती. लाकडाबद्दल ती काही बोलली नव्हती, म्हणून माझं फावलं.

सगळ्यात जास्त जीव लाकडी नंदींवर. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. पोळा खऱ्या बैलांचा, तान्हा पोळा लेकरांचा. पोरं चाकांवरचे लाकडी नंदी सजवून दोरीनं ओढत घरोघर नेतात, घरची बाई नंदीचे पाय धुते, कुंकू लावते आणि पोराच्या हातावर बोजारा ठेवते, म्हणजे खाऊ किंवा एखादा पैसा. असल्या जुन्या नंदींनी माझी मागची खोली भरली होती. फळीवर नंदी, फडताळात नंदी, धानाच्या पोत्यांवरही नंदी.

बायको साकोलीकडची, तोंडानं फटकळ. "चुलीले लाकूड नाई अन् घरात लाकडाचा बजार," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवी. पण तिला टोचत होतं ते वेगळंच. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि आम्हाला मूल नव्हतं. तान्ह्या पोळ्याला ती सकाळपासून पाण्याचा लोटा घेऊन दारात बसे, गल्लीतला प्रत्येक नंदी पूजी आणि संध्याकाळी मागच्या खोलीचं दार न बोलता ओढून घेई. मला ते दिसत होतं. त्यावर काय बोलावं हे सुचत नसे, म्हणून मी आणखी एक नंदी आणायचो.

चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाण्यावर एका म्हातारीची धानाची शेती होती. तिच्या कोठीवर मला तो नंदी दिसला. सागवानी, गुडघ्याएवढा, मानेला वळ्या, गळ्यातली घुंगरं एकेक सुटी कोरलेली, पाठीवरच्या झुलीला फुलं. तेल पिऊन पिऊन काळाभोर झालेला. तिच्या आजेसासऱ्यानं कोरलेला म्हणे. मुली सासरी गेल्या होत्या, मुलगा बिऱ्हाड घेऊन राजनांदगावला गिरणीत. नंदी ओढायला घरात कोणी उरलं नव्हतं.

"तुह्या घरी लेकरू हाय का?" म्हातारीनं मला विचारलं.

"नाही, आजी."

"मंग नंदी कायले पायजे?"

ठेवायला, पाहायला, असं मी म्हटलं. ती मनापासून हसली.

"नंदी का पाहाले असते? नंदी वढाले असते. माह्याकडं बसून राह्यला, तुह्याकडंबी बसूनच राहीन. मंग जागा कायले बदलाची?"

तरी मी उठलो नाही. ताक पिऊन झालं, पावसापाण्याच्या गोष्टी झाल्या, गाडीवान बाहेर खोकून कंटाळला. शेवटी म्हातारीच कंटाळली. "ने," ती म्हणाली. "पन तान्ह्या पोळ्याले हा मले रस्त्यावर दिसला पायजे. मी येऊन पाहीन. घरात बसून असन त डोक्यावर घेऊन वापस नेईन."

मी आनंदानं कबूल केलं. एवढ्या चिखलातून म्हातारी कशाला येते, असा माझा हिशेब होता.

पोळा तोंडावर आला आणि तिकडच्या एका शेतकऱ्यानं निरोप आणला, "आजी येऊन राह्यली, तिरोड्याहून आगगाडीनं." माझं धाबं दणाणलं. मीच पहाटे उठून नंदी चौकापर्यंत ओढून आणतो, असं बायकोला म्हणालो.

"तुमी वढान? मंग मिशा काढा अगुदर," ती म्हणाली. "एकच नंदी काऊन? सारेच काढा बाहेर."

तिनं तोपर्यंत सगळं ठरवून टाकलं होतं. ज्या लेकरांकडे नंदी नाही त्यांनी आमच्या दारी यावं, असं ती हमालांच्या वस्तीत आणि स्टेशनामागच्या चाळीत सांगून येणार होती. मी चिडलो. ही पिढ्यान्‌पिढ्यांची कारागिरी, ही काय पोरांच्या हाती द्यायची वस्तू आहे, असं बरंच बोललो. तिनं ते ऐकून घेतलं.

"इतकी वर्सं तुमच्या लाकडाची धूळ मी पुसली," ती म्हणाली. "एक दिवस मले या घरात लेकरं पाहू द्या."

मी उठून मागच्या खोलीचं दार उघडलं.

तान्ह्या पोळ्याला दारात ही गर्दी. छत्तीसगढातून कामाला आलेल्या हमालांची पोरं, रेल्वेवाल्यांची हिंदी बोलणारी पोरं, आणि घरी नंदी असूनही खोटं सांगून आलेली गल्लीतली दोनचार. बायको एकेकाच्या हाती दोरी देत सुटली. नंदी संपले तसा घोडा निघाला, मग हत्ती. शेवटी तुळईखालच्या पोपटांनाही गळ्यात दोरी बांधून पाटावर बसवलं. चौकातल्या हलवायानं मला हटकलं, "सेठजी, हाथी भी बैल है क्या?" मी काही बोलायच्या आत हत्तीवाला पोरगाच म्हणाला, "आज है."

मी वरातीमागून धावत होतो. प्रत्येक खड्ड्यापाशी "हळू, हळू" असं ओरडत होतो. सगळ्यात पुढे म्हातारीचा नंदी, आणि त्याची दोरी एका हमालाच्या लहानशा मुलीच्या हातात.

म्हातारी स्टेशनावरून थेट चौकात आली. तिची नजर नंदीवर पडायला आणि नंदीचं चाक चिखलात रुतायला एकच गाठ पडली. मुलीनं होता नव्हता तेवढा जोर लावला. नंदी कलंडला आणि त्याचा कान उडून चिखलात गेला. मुलगी जागच्या जागी थिजली. माझ्या तोंडात शिवी आली होती, खोटं कशाला सांगू. कान तर गेलाच होता, आता नंदीही जाणार हे उघड होतं.

म्हातारीनं नंदी उभा केला, माझ्या बायकोला पुढे बोलावलं, त्याचे पाय धुवायला लावले, कुंकू लावायला लावलं. मग पदराची गाठ सोडून त्यातल्या लाह्या मुलीच्या ओंजळीत ओतल्या.

"चालला ना? बस झालं," ती मला म्हणाली. "आता तुहा."

आमच्याकडे जेवून ती संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. दिवेलागणीपर्यंत सगळी वरात घरी आली. बायको अंगणात बसून एकेकाचा चिखल पुसत होती आणि दिवसभरातली प्रत्येक गोष्ट मला पुन्हा सांगत होती. इतकं बोलताना मी तिला कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुलगी दारात उभी. हातात पळसाचं पान, पानात नंदीचा कान. चिखल उपसून तिनं तो शोधून काढला होता.

"जुड जाएगा ना?" तिनं विचारलं.

"जुडेगा," बायको म्हणाली. "लेकिन आज लकडी गीली है. कल आना." आणि तिला आत घेऊन भात वाढला.

ती दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्या दिवशीही आली. कधी लाकूड ओलं असे, कधी सुताराला ताप असे. भात मात्र रोज तयार असे. शेवटी एका सकाळी मी स्वतःच लाकूड चिकटवायच्या सरसाचं भांडं चुलीवर ठेवलं. एवढा देखणा नंदी एका कानाचा मला बघवत नव्हता. बायको आली आणि तिनं ते भांडं उतरवून खाली ठेवलं.

"आज नको," ती म्हणाली.

"मग कधी?"

"कान लागला त ते पोरगी येनार नाई."

मी कान पळसाच्या पानात परत गुंडाळला आणि बायकोला म्हणालो, सुताराचा ताप काही उतरायचं लक्षण दिसत नाही.